उपासात चुकलेली गोळी

माझं माहेर आंबिवली, सासर ठाकुर्ली, म्हणजे गेलेच कुठे मी, काय सांगू तुम्हाला. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रात वीस वर्षं पोळ्या लाटतेय. आमचे मिस्टर वायरमन, शिडीवर चढले तरी तोंड चालूच, खालून कोणी गेलं की त्याच्याशी गप्पा.

तर मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडायला लागला आणि शब्द सापडेनात, पक्कड मागायची तर म्हणायचे, ते दे ना गं, ते. मी म्हटलं, नाटकं नका करू. माझं तोंड हे असं. मग डोक्याचा फोटो काढला, तर गाठ, तीपण वाईटातली. ऑपरेशन झालं, मशीनखाली किरणांचे शेक दिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळी नाही निघाली, तिची मुळं बोलण्याच्या जागेत गेलीत, खरवडली असती तर बोलणंच गेलं असतं.

सुजेवर एक गोळी होती, रोज सकाळी खाऊन घ्यायची, उपाशीपोटी नाही. तिने भूक लागायची, चेहरा गोल झाला, तर चाळीतल्या बायका म्हणतात, भाऊ सुधारले हो. मीपण खूश, मूर्ख मेली. नवरात्र आलं. हे म्हणाले, देवीने वाचवलं, नऊ दिवस मी धरणार. मी म्हटलं, धरा. दिवसभर नुसता चहा, फराळ संध्याकाळी. आणि उपाशीपोटी द्यायची नाही म्हणून मी ती गोळीच दिली नाही हो! चौथ्या दिवशी आरती म्हणता म्हणता फिट आली, अंग ताठ, डोळे वर. सासूबाई म्हणतात, देवी आली अंगात, कुंकू आण. मी करंडा फेकला आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताई, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते. मी म्हटलं, मीच मारलं म्हणा ना. त्या म्हणाल्या, नाही, गाठ परत वाढलीय, ती गोळी देऊनही वाढली असती. पुन्हा उघडलं तर थोडे महिने मिळतील, पण बोलणं बहुतेक जाईल. ह्यांना विचारलं. खूप वेळ शोधत राहिले, मग म्हणाले, बोलू दे.

मी सही नाही केली. दीर म्हणतात, वहिनीने दादाला टाकून दिलं. म्हणू देत.

आता दिवसाला चार-पाच शब्द येतात. माझं नाव गेलं त्यातून, मला आई म्हणतात. मी ओ देते. तुमच्या घरात माणसं बडबडतात ना, बाई? बडबडू देत.