मुरमाच्या रस्त्यावरची हाक

नाही भैया, मंडल्यापर्यंत नाही — बरेल्याच्या पुढे डाव्या हाताला जंगलात मुरमाचा रस्ता जाते नं, तिथपर्यंतच. रस्ता खराब आहे? माहीत आहे मला. मागच्या मंगळवारी मीच गाडी चालवत नेली होती तिथे. मग आज भाड्याची काहून? आमच्या गाडीची चाबी सुमेधनी ठेवून घेतली. माझा मुलगा, पुण्याहून आला. म्हणते, आई, आता तू घरातून हलू नको. तुम्ही आपल्यातले, मराठी समजता, म्हणून तुमच्याकडे आली.

माझा नवरा हरवला तिथे. विष्णुपंत — पेपरात फोटो आला होता, निळ्या स्वेटरचा, तेच. फॅक्टरीत छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि आता दोन वर्षं झाली, मला ओळखत नव्हते. मला बाई म्हणत. बाई, तुम्हाला तुमचं घर नाही का — दिवसातून चाळीस वेळा. मी म्हणायची, हेच माझं घर. ऐकत, आणि लगेच परत विचारत. रात्र रात्र दार वाजवत. फक्त गाडीत बसले की शांत व्हायचे, म्हणून न्यायची मी. आणि तो रस्ता त्यांचाच. लग्न झालं त्या वर्षी स्कूटरवर मागे बसवून त्यांनीच दाखवला मला. दोन्हीकडे सालाची झाडं, वर चढत चढत गेलं की वळणावर एकदम डोंगरांमागे डोंगर — तुम्ही पाहिलं असेल. त्या मंगळवारी साल फुलला होता, मुरमावर सगळा पांढरा सडा. खाली खडे टणटण लागून राहिले होते आणि हे खिडकीतून हात बाहेर काढून हसत होते. मलाही बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

वळणावर थांबवली. त्यांना लघवीला जायचं होतं. ते खाली नाल्याकडे झाडांत गेले, मी मागे होती, माझा पाय मुरगळला, तेवढ्यात दिसेनासे झाले. पोलिसांना हेच सांगितलं, सुमेधलाही. जंगलवाले, गाववाले, चार दिवस शोधून राहिले होते सगळे. एक चप्पल मिळाली नाल्यात. काल म्हणाले, आता बस.

पाय? हो, पाहून राहिले तुम्ही — नीट चालत आली मी. पाय नव्हता मुरगळला. मी उतरलीच नाही भैया. नेहमी हात धरून नेते, त्या दिवशी नाही उतरली. सीट मागे केली आणि डोळे मिटले. दोन वर्षांत कोणी काही विचारत नाही अशी पहिलीच दहा मिनिटं — झोप नाही, काही नाही, नुसतं चूप बसायचं होतं मला. आणि मग झाडांतून हाक आली. इंदू. बाई नाही — इंदू. दोन वर्षांनी. मी ऐकली. एकदा, मग परत एकदा, थोडी दुरून. मला वाटलं, अजून दोन मिनिटं, मग जाते. काच उघडी होती माझ्या बाजूची.

मी काच वर केली.

कोणालाच नाही सांगितलं हे. म्हणून म्हणते, ते सगळे चुकीच्या बाजूला शोधून राहिले होते — मी नाला दाखवला, आणि हाक तर वरून येत होती, चढावरून. मलाच जावं लागेल. वर जाऊन बसते, हाक मारते, माझा आवाज ओळखतील ते, त्या दिवशी ओळखत होते नं. तुम्ही वळणावर सोडा आणि परत या, थांबूही नका.

फोन काहून काढला? सुमेधनी स्टँडवर सगळ्यांना नंबर देऊन ठेवला का? — अच्छा. लावा मग. सांगा त्याला, नाल्यात नाही, वर शोधा म्हणावं. काचेचंही सांगा, माझ्यानं नाही सांगवत. चलो, दार उघडा इकडचं, उतरते मी. बरेल्याची बस आहे आता.