पहिल्या होडीचा मान

सहल काढा म्हणताय, पण वडीलधाऱ्यांना एकदा होडीत बसवून बघा. सावित्री नदीत आम्ही तीन होड्या नेल्या. प्रत्येकीत दोन पोहणारे हवेत, म्हणून मी विचारलं, "पोहता कोणाला येतं?" माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, हात वर केला, मग सगळ्याच म्हाताऱ्यांनी केला. शिवाय पहिल्या होडीचा मान म्हणून सगळे तिच्यातच एकत्र बसले. भर पात्रात तात्या वाट दाखवायला उभे राहिले आणि होडी उलटली. मागच्या होड्यांतल्या आम्ही पोरींनी एकेकाला ओढून काठावर आणलं.

"एकालाही पोहता येत नाही?" मी विचारलं.

"तात्यांनी हात वर केला गो," धोंडूकाका धापा टाकत म्हणाले. "मग आमी नाय कसं म्हणायचं?"

तात्या धोतर पिळत होते. म्हणाले, "परतताना तू मागंच बस. पुढं जबाबदार माणूस पायजे."