जुलुसात न हललेला माणूस

चहा घ्या अन् मी जेलात जाता जाता कसा वाचलो ते ऐका. निजामाचं राज्य होतं, तिरंगा घेऊन निघायला बंदी. हिंगोलीतल्या पलटणीच्या ओसाड बराकींचा फोटो काढायला मी कॅमेरा लावला अन् तेवढ्यात समोरून झेंडेवाला जुलूस आला. सगळ्यात पुढं माझा मेव्हणा! म्हटलं, असा मोका पुन्हा न्हाई. दिवस कलला होता, म्हणून भिंगावरची टोपी जरा जास्तच वेळ काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, माझ्या फोटोच्या दुकानात हजर. संगं त्यांचा शिपाई, गफूर जवान.

"जुलूस का फोटो दिखाओ. एकेक को पकड़ता हूँ."

मेव्हणा सापडला, की त्याच्यासंगं मीही आत! साहेबांसमोरच कागदावर फोटोचा छाप काढावा लागला. पाहतो तर बराकी ठसठशीत अन् रस्त्यावर नुसतं धुकं! चालणारं माणूस एवढ्या वेळात कुठं उमटतं? मेव्हणा न्हाई, झेंडा न्हाई. एकच माणूस साफ आला होता, छाती काढून ताठ उभा. गफूर!

साहेब ओरडले, "तू वहाँ क्या कर रहा था?"

"जुलूस रोकने गया था साब. पर सामने कॅमेरा दिखा. फोटो में हिलना नई, बोलते ना."

साहेबांनी फोटो माझ्याकडं फेकला. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. दारातून ते गफूरला म्हणून राहिले होते, "पूरे जुलूस में तू अकेला है. अब तुझे अंदर करूँ?"