डेन्मार्कचा शेवटचा सरदार

आमच्या दादाचं लग्न डेन्मार्कमुळे जमलं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी मी तिथल्या मध्ययुगातल्या एका लहानशा सरदार घराण्याची वंशावळ काढली होती. डिंक वाळावा म्हणून तक्ता बैठकीत टांगला होता. त्याच दिवशी कामरगावचे पाहुणे आमचं घर पाहायला आले. चहा झाल्यावर मुलीचे वडील सरळच म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पन शेती करते. आमाले नोकरीवालाच पायजे."

उठताना त्यांची नजर तक्त्यावर गेली.

"कावं पोरी, हे झाड खाली एकदम काहून संपलं?"

पाहुण्यांसमोर मी सहसा बोलत नाही. हळूच म्हणाले, "शेवटच्याचं लग्नच झालं नाही."

"वावर नव्हतं काय त्याले?"

"खूप होतं."

"मंग?"

"दरबारात नोकरी नव्हती."

दादा रिकाम्या कपात पाहत होता. पाहुणे परत खाली बसले.

"म्हंजे माह्यासारख्याच एखाद्या मानसानं बुडवलं म्हना हे खानदान," ते म्हणाले. मग दादाकडे वळून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "विहिरीले उन्हाळ्यात पानी राह्यते काय?"