मागं सरून वाचायची पाटी

तुम्हाला सांगतो, अक्षरांवर काय प्रयोग करायचे ते करा, पण मामाच्या दुकानावर करू नका.

घोडेगावच्या बैलबाजारात आमच्या मामांनी कासरे आणि घुंगरमाळांचं दुकान काढलं, आणि पाटी करायचं काम माझ्याकडं दिलं. मी तेव्हा नवा फॉन्ट बनवला होता. जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखा, नुसत्या जाड चौकोनांचा. त्यातच मामीचं नाव टाकलं, शकुंतला.

उद्घाटनाला मामीनं पाटीला जवळजवळ नाकच लावलं. "आरं, ह्यात माजं नाव कुटंय? ह्या तर नुसत्या फरश्या हायेत." तिचा चेहराच पडला. बैलाचं वय खोटं सांगणाऱ्या दलालाकडं बघावं, तसे मामा माझ्याकडं बघायला लागले.

मी घाईनं म्हणालो, "मामा, बैल घेताना तुम्ही लांब जाऊन बघता ना? तसं बघा की!"

हे त्यांना पटलं. मान तिरकी करून, डोळे बारीक करून ते मागं सरकू लागले. पारख चालू असली की मामांना हाक ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओरडलो, "मामा, हौद!" तोवर मामा जनावरांच्या हौदात बसलेले.

आम्ही धावलो, पण मामा उठेनात. पाण्यात बसूनच त्यांनी पाटीवर नजर रोखली आणि खणखणीत वाचलं, "शकुंतला!"

मामीनं तोंडाला पदर लावला.

"मामा, उद्याच पाटी बदलतो," मी म्हणालो.

"गप रं! पाटीला हात लावू नगं. हौद हालव."