दादाचा वारा सरला

हॅलो?… हो, इन्साफ, मी सनिय्याच, तुझी वहिनी… हो, उचलला तुझा फोन. तीन दिवसांनी उचलला. आता बोलू देशील?

नाही, रडू नकोस… जिवंत आहे गं तुझा दादा… अगं ऐक ना. वारा सरला त्याचा!

वारा गं, पोटातला… हो, तोच. चांगला आवाजासकट. शेजारच्या खाटेवरचा दमिएत्ता गावचा सुतार तुझ्या दादाला म्हणाला, "मुबारक, मितवल्ली." सगळा वॉर्ड हसला.

नाही, आता नाही कापणार. आज दहा वाजता पुन्हा पोट उघडायचं ठरलं होतं. न्यायची गाडी दाराशी आलेली, मी त्याची चप्पल हातात घेऊन उभी… आणि हा म्हणतो, थांबा जरा.

हो… नाकातली नळी आहे अजून. उद्या बघू म्हणाले… पोट? उतरतंय. हात लावून बघितलं ना मी, मऊ लागतंय.

हं… हो, तेच सांगणार होते. तुझ्या कबुतराचं… अगं, डॉक्टर म्हणाले, कबुतराचा काही दोष नाही. लघवीची पिशवी काढून आतड्याच्या तुकड्याची नवी केली, की कधी कधी आतडं अडतं. बऱ्याच जणांचं अडतं.

थांब… तू माफी मागू नकोस. इन्साफ, थांब म्हणते ना.

तू कबुतरात भात भरून, शिजवून पाठवलंस, अंगात ताकद यावी म्हणून. ऑपरेशन झालेल्या भावाला बहीण दुसरं काय पाठवणार?… पण तोंडात काही घालायचं नाही, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं, तुला नाही. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, एक घास माझ्यासाठी… मी भरवला गं. मग उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि मी घाबरून तुझं नाव पुढे केलं. तुला फोनवर नाही नाही ते बोलले. गावभर सांगितलं.

हॅलो?… आहेस ना?… शिव्या दे हवं तर.

काय करतेस?… अगं, फोनवर कसली ही लग्नातली, आनंदाची ललकारी… जीभ आवर, माझा कान फुटेल… तुझ्या जावापण? सगळ्या मिळून?… अगं बाई, डॉक्टर वळून बघतायत… हा इकडे हसतोय, टाक्यांवर हात दाबून हसतोय.

ठेवते, ठेवते… नाही, थांब. पुन्हा एकदा करा. स्पीकर लावते, त्याला नीट ऐकू दे.

हं, करा… आणि मग तूच ठेव फोन. मला आता पोटभर रडायचंय.