पाहुणे गेल्यावर

(नेकनूरची शाळा सुटलेली. व्हरांड्यात इंग्रजीच्या शाईस्ता मॅडम आणि नववीतल्या संस्कृतीचे वडील, आप्पा.)

आप्पा : ह्येला इंग्रजी शिकवनं म्हनायचं का मॅडम? माझ्या बायकूचा फोटो, खाली दोन शब्द, अन् बाजारात लोकं मलाच दाखवून हसायलेत.

शाईस्ता : बसा ना आप्पा. याला मीम म्हणतात. परदेशातलं असंच एक मी वर्गात दाखवलं होतं. गोरी बाई, सोफ्यावर एकटी, हातात कप, गालातल्या गालात हसतेय. खाली लिहिलंय, पाहुणे गेले. मुलांना विचारलं, हिला काय वाटत असेल?

आप्पा : वाईट वाटत आसंल. घर सुनं झालं की.

शाईस्ता : वर्ग हेच म्हणाला. मतीन तर म्हणाला, हिच्या घरी मयत झाली असेल, तिसऱ्या दिवसाची जियारत उरकून सगळे गेले, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिकडच्या माणसाला जिथं हसू येतं तिथं आपल्याला वाईट का वाटतं, हाच तर धडा होता.

आप्पा : अन् आमची?

शाईस्ता : ती एकटीच म्हणाली, ही खूश आहे. माझी आई अशीच बसते. मी म्हटलं, मग आपल्याकडचं मीम करून आण.

आप्पा : अन् तिनं आईलाच धरलं. साखराक्का, माझी थोरली भन, आमच्याकडं राहून सासरी कड्याला गेली, त्याच दुपारचा फोटो हाय ह्यो. बायकू एकटीच बसून हसतीय, अन् खाली लिवलंय, पाहुणे गेले. तुमच्या वर्गाच्या ग्रुपवरून कुनीतरी थेट तिलाच धाडला. आता म्हनती, मी जड झाले व्हय, तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई. फोटो काढून टाका. अन् उद्यापासून पोरगी तुमच्या तासाला बसनार न्हाई.

शाईस्ता : फोटो ग्रुपवर येण्याआधी वहिनींना विचारायला हवं होतं, ते चुकलंच माझं. अक्कांना मी फोन करते. पण पोरीला तासाला बसू द्या. ते चित्र वाचता आलं ते तिलाच.

आप्पा : त्यात वाचायचं काय?

शाईस्ता : ईदला आमच्याकडं दिवसभर जेवणाचं दस्तरखान उचलत नाही. शेवटचा पाहुणा गेला की अम्मी मोरीपाशी अशीच टेकायची. पाहुण्यांवर लई जीव तिचा. तरी टेकायची. मला ते कळायला परक्या बाईचा फोटो बघावा लागला.

आप्पा : बायकू माझी, इजयमाला, कधी म्हनली न्हाई, थकले म्हनून.

शाईस्ता : फोटोबद्दल काय म्हणाल्या?

आप्पा : इचारलंच न्हाई. मी वरडत व्हतो, ती भाकरी थापीत व्हती.

शाईस्ता : बरं. संस्कृतीला सांगून आत्ताच पुसायला लावते.

आप्पा : येऊ द्या तिला तासाला. अक्काचं मी बघतो, भाऊ हाय मी तिचा. अन् मॅडम...

शाईस्ता : बोला.

आप्पा : पुसायच्या आधी मला धाडा तेवढा. लग्नातल्या फोटोत बी ती हसलेली न्हाई.